जमा आणि नावे

आम्हा शाळामास्तरांच्या जगात ‘ग्रँट’ हा शब्द फार मोलाचा. सरकारी कागदावर त्याला अनुदान म्हणतात. बोलताना मात्र कोणी अनुदान म्हणत नाही. शाळा उघडते, घंटा होते, फळा पुसला जातो, आणि शिक्षकांच्या खोलीत एकच विषय चालू राहतो : ग्रँट आली का? साहजिकच इतिहासाच्या तासाला ग्रँट डफचे नाव निघाले की मागच्या बाकावरचे एखादे कार्टे हळूच विचारते, “सर, याला वीस टक्के होती की चाळीस?”

वर्ग हसतो, मीही हसतो. पण त्या हसण्यात एक गंमत दडलेली आहे. आमची ग्रँट आणि डफसाहेबांची ग्रँट यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पैशांच्या ग्रँटचे मूळ जुन्या फ्रेंचमधून मागे मागे जात ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपर्यंत पोचते. आडनावाच्या ग्रँटचे मूळ फ्रेंच ‘ग्रां’ म्हणजे मोठा, थोरला. कोण्या एका धिप्पाड पुरुषाला लोकांनी ‘मोठा’ म्हणायला सुरुवात केली असेल, आणि मग त्याची किडकिडीत नातवंडेही मोठीच ठरली. उच्चार एक, अक्षरे एक, कूळ मात्र वेगळे. शब्दांचे हे असे, तर मग एकच आडनाव लावणाऱ्या माणसांचे काय? ती एकमेकांची कोण लागतात? आणि आडनाव घेताना माणूस त्याबरोबर नेमके काय काय घरात घेतो?

हा प्रश्न मी आपल्या एखाद्या आडनावावरून मांडू शकलो असतो. पण आपले आडनाव निघाले की जात निघते, गाव निघते, भाऊबंदकी निघते, आणि विचार बाजूला राहून माणसे बाह्या सरसावतात. ग्रँटांचे तसे नाही. ते दूरचे आहेत, आणि तरी आपल्या ओळखीचेही आहेत. मुंबईत त्यांच्या नावाचे रेल्वे स्टेशन आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे पहिले मोठे इंग्रजी पुस्तक त्यांच्यातल्याच एकाचे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस स्पे नावाची नदी वाहते. तिच्या काठचा डोंगराळ मुलूख हा ग्रँटांचा. तेराव्या शतकात लॉरेन्स ल ग्रँट नावाचा गृहस्थ इन्व्हर्नेसचा शेरिफ होता, अशी कागदोपत्री नोंद आहे. १७६५ साली सर जेम्स ग्रँट याने याच मुलुखात ग्रँटाउन नावाचे गाव आखून वसवले, ते आजही नांदते आहे. या डोंगरी लोकांत घराण्याला ‘क्लॅन’ म्हणतात, आणि त्यांच्या गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ लेकरे. सगळे एका बापाची लेकरे, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात मात्र बरीचशी लेकरे पोटची नव्हती. नायकाच्या जमिनीवर राहणारा, त्याची मेंढरे वळणारा, त्याच्यासाठी तलवार उचलणारा माणूस नायकाचेच नाव लावू लागे. मराठीत कुळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. या दोन अर्थांत आपल्याकडे केवढ्या दंगली आणि केवढे कायदे झाले! स्पेच्या काठी ही दोन्ही कुळे एकाच नावाखाली मुकाट्याने नांदत होती.

त्यात आणखी एक भर पडली. मॅकग्रेगर नावाचे एक घराणे राजाच्या मनातून उतरले. १६०३ साली सहाव्या जेम्स राजाने ते नावच बेकायदा ठरवले. मॅकग्रेगर म्हणवून घेणे हाच देहान्ताचा गुन्हा! मधली काही वर्षे ही बंदी उठली, पुन्हा आली, आणि कायमची गेली ती थेट १७७४ साली. माणसे नाव टाकून कुठे जाणार? कोणी कॅम्बेल झाले, कोणी मरे झाले, कोणी ड्रमंड, आणि बरेच जण ग्रँट झाले. तेव्हा आज आपल्या ग्रँटपणाचा अभिमान मिरवणाऱ्या कित्येकांचा खापरपणजोबा जीव वाचवण्यासाठी या नावाच्या आडोशाला येऊन बसलेला मॅकग्रेगर असायचा.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? मोरे, जाधव, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे किती जातींच्या दारांवर लागलेली दिसतात! कुलकर्णी, देशपांडे हे तर हुद्दे. कोकणातले बेने इस्राएल यहुदी आपापल्या गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळाले म्हणून कोणाचा आजोबा लिस्बनला जन्मला असे होत नाही. आडनाव म्हणजे रक्त, हे समीकरण जरा खरवडले की त्याचा रंग उडतो.

रक्त नसेल तर निदान निष्ठा तरी एक असेल, असे वाटते. तेही नाही. १७४६ साली स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्र चार्ल्सने गादीसाठी केलेले बंड कलोडनच्या माळावर चिरडले गेले. तेव्हा स्पेकाठचे मुख्य ग्रँट घराणे लंडनच्या सरकारच्या बाजूचे होते, आणि ग्लेनमॉरिस्टन खोऱ्यातले ग्रँट राजपुत्राच्या बाजूचे. लढाईनंतर ग्लेनमॉरिस्टन आणि अर्कार्ट या खोऱ्यांतल्या बंडखोरांनी मुख्य घराण्याच्या लुडोविक ग्रँटमार्फत इन्व्हर्नेसला जाऊन शस्त्रे खाली ठेवली. आपल्याच नावाचा माणूस मध्ये आहे, असे त्यांनी मनात धरले असेल. त्यांना कैद करून जहाजावर चढवण्यात आले, आणि त्यांतले जे जगले ते बार्बाडोस बेटावर काळ्या पाण्याला धाडले गेले. त्याच खोऱ्यात त्याच उन्हाळ्यात सात फरारी माणसांनी राजपुत्राला गुहेत लपवून ठेवले. त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचे बक्षीस होते आणि या सातांच्या अंगावर धड कपडे नव्हते. त्यांचा म्होरक्या पॅट्रिक ग्रँट. बाकीच्यांत इतर आडनावांचे होते. कोणीही तोंड उघडले नाही. एका नावाच्या माणसाने आपल्या नावाची माणसे गमावली, आणि निरनिराळ्या नावांची माणसे एकमेकांना धरून राहिली. सहामाहीत असा प्रश्न विचारला तर मुले गोंधळतील, पण इतिहासाने तो सोडवून ठेवला आहे.

आता आपल्या बाजूला येऊ. कलोडनच्या साली, राजपुत्राच्या बाजूने लढलेल्या एका ग्रँटच्या घरी मुलगा झाला. बापाने त्याचे नाव राजपुत्रावरून चार्ल्स ठेवले. बंडखोराचा हा मुलगा पुढे नशीब काढायला बंगालमध्ये आला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चढला, आणि शेवटी लंडनमध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. १७७६ साली त्याच्या दोन चिमुकल्या मुली देवीने गेल्या, त्या दुःखात तो धर्माकडे वळला. गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून झटणाऱ्या विल्बरफोर्सच्या मंडळीतला तो एक. याच चार्ल्स ग्रँटने १७९२ साली हिंदुस्थानी समाजावर एक प्रबंध लिहिला, आणि त्यात आपल्या लोकांच्या नीतीची अशी काही लक्तरे काढली की आज वाचतानाही कानशिले तापतात. काळ्या गुलामाच्या दुःखाने कळवळणारे मन आणि बंगाली रयतेला नीतिभ्रष्ट ठरवणारे मन एकाच छातीत होते. मला त्याला ढोंगी म्हणवत नाही. माणसाची माया जिथवर पोचते तिथवर तो संत असतो. तिच्या पलीकडे तो कोणीही असू शकतो.

त्याचे दोन मुलगे बंगालमध्येच जन्मले. थोरला, तोही चार्ल्स, पुढे लॉर्ड ग्लेनेल्ग झाला. तो ब्रिटिश वसाहतींचा मंत्री असताना, १ ऑगस्ट १८३८ रोजी, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या पायांतली शेवटची बेडी गळून पडली. आणि त्याच मंत्र्याच्या संमतीने, त्याच वर्षी, हिंदी मजुरांची पहिली जहाजे करार लिहून घेऊन ब्रिटिश गयानाच्या उसाच्या मळ्यांवर पोचली. एक दार उघडताना दुसऱ्या दाराला कडी.

धाकटा रॉबर्ट. हा आपला ग्रँट. १८३५ साली तो मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि ९ जुलै १८३८ रोजी पुण्याजवळ दापोडीला वारला. पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला पुरले. वेस्ट इंडीजच्या मुक्तीचा दिवस तेव्हा तीन आठवड्यांवर आला होता. त्याच्या स्मरणार्थ निघालेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्याच्या नावाच्या रस्त्यावर नाना शंकरशेटांच्या जागेत नाटकगृह उभे राहिले, आणि १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मुंबईकरांना आपले खेळ दाखवले ते तिथेच. त्या रस्त्याचे नाव आता मौलाना शौकतअली मार्ग आहे. स्टेशन ग्रँट रोडच राहिले, आणि लोकांच्या तोंडी रस्ताही.

पण या रॉबर्ट ग्रँटची ज्या गोष्टीसाठी आठवण व्हावी ती मुंबईत कोणाला ठाऊक नसते. इंग्लंडात तेव्हा यहुद्यांना पार्लमेंटात बसता येत नसे. शपथच अशी होती की ख्रिस्ती माणसालाच घेता यावी. १८३० साली रॉबर्ट ग्रँटने त्यांचे हे अपंगत्व दूर करण्याचा ठराव मांडला. मेकॉलेचे पार्लमेंटातले पहिले भाषण याच ठरावाच्या बाजूने झाले. विधेयक पडले. १८३३ साली त्याने पुन्हा आणले. ते खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि लॉर्डांनी फेटाळले. यहुदी खासदार आपल्या पद्धतीची शपथ घेऊन पार्लमेंटात बसला तो १८५८ साली. तोवर रॉबर्टला जाऊन वीस वर्षे झाली होती.

आणि ग्रँट डफ? मूळचा तोही नुसता जेम्स ग्रँटच. आईकडची जहागीर मिळाली तेव्हा त्याने डफ हे नाव पुढे जोडले, म्हणजे त्याच्या दुसऱ्या आडनावाचे कारण शुद्ध मिळकत. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांजवळ राहून त्याने कागद जमवले आणि १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुण वयात त्याच्यातल्या चुका दाखवल्या, न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयाची दुसरीच मीमांसा मांडली. तरी डफच्या नावाने बोटे मोडत का होईना, आपण त्याचे पुस्तक उघडतोच. आता सांगा, डफवर राग असेल तर तो ग्रँट रोडवर काढावा का? आणि ग्रँट मेडिकलबद्दल कृतज्ञता असेल तर ती डफच्या खाती जमा करावी का? कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. पण हाच शहाणपणा आपण आपल्या गल्लीत वापरतो का, ते ज्याचे त्याने पाहावे.

१८७९ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत आणखी एक ग्रँट उतरला, आणि तो सगळ्यांत प्रसिद्ध : युलिसिस ग्रँट, अमेरिकेच्या यादवीत उत्तरेचा सेनापती आणि नंतर आठ वर्षे अध्यक्ष. तो तेव्हा जगाच्या प्रवासाला निघाला होता. त्याचा अमेरिकेतला मूळपुरुष मॅथ्यू १६३० साली तिकडे गेला तो इंग्लंडहून. तरीही १८७७ साली एडिनबरोने या ग्रँटला आपल्या नगराचे मानाचे नागरिकत्व दिले. त्याचे नावही अर्धे चुकीचेच. बारशाला ठेवले होते हायरम युलिसिस. लष्करी शाळेसाठी शिफारस करणाऱ्या खासदाराने घाईत युलिसिस एस. ग्रँट असे लिहून टाकले, आणि ते जन्माला चिकटले. त्या ‘एस’चा पूर्ण शब्द काय, तर काही नाही! आमच्या हजेरीपटात अशा चुका नेहमी होतात, पण त्यांतून अजून कोणी राष्ट्राध्यक्ष झालेला नाही.

या माणसाने १८५९ साली, स्वतः ओढगस्तीत असताना, आपल्या ताब्यातला एकमेव गुलाम विकायचा सोडून मुक्त केला. आणि १८६२ सालच्या डिसेंबरात सेनापती म्हणून हुकूम काढला की आपल्या लष्करी विभागातून सर्व यहुद्यांनी चोवीस तासांत निघून जावे. निमित्त होते कापसाच्या चोरट्या व्यापाराचे. काही व्यापारी तसे करत होते, यहुदी होते आणि नव्हतेही. त्या दिवसांत ग्रँटचा बाप स्वतःच काही यहुदी व्यापाऱ्यांशी भागी करून, मुलाच्या ओळखीवर कापसाचा परवाना काढायला छावणीत आला होता. बापाने मुलाचे नाव विकायला काढले, आणि मुलाने एका आख्ख्या जमातीच्या नावावर खापर फोडले. लिंकनने काही आठवड्यांतच तो हुकूम रद्द करवला. म्हणजे ज्या यहुद्यांसाठी एक ग्रँट लंडनमध्ये झगडला, त्यांनाच दुसऱ्या ग्रँटने घरांतून उठवले. रॉबर्टची पुण्याई युलिसिसच्या खात्यात वळती होत नाही आणि युलिसिसचे पाप रॉबर्टच्या माथी बसत नाही, हे उघड आहे. पण युलिसिसचे स्वतःचे काय? अध्यक्ष झाल्यावर त्याने यहुद्यांना अधिकाराच्या जागा दिल्या, आणि १८७६ साली राजधानीतल्या नव्या सिनॅगॉगच्या उद्घाटनाला तो हजर राहिला. तो हुकूम त्याला पुढे फार लागून राहिला होता.

त्याच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. न्यूयॉर्कमध्ये वॉर्ड नावाच्या एका चलाख तरुणाने ग्रँटच्या मुलाला आणि ग्रँटला हाताशी धरून पेढी काढली : ग्रँट आणि वॉर्ड. भांडवल खरे म्हणजे एकच होते, पहिले नाव. ते पाहून लोकांनी पैसे ठेवले. १८८४ सालच्या मे महिन्यात पेढी बुडाली. वॉर्डने लफंगेगिरी केली होती, ग्रँटला हिशेबातले काही कळत नव्हते. पण बुडण्याच्या आदल्या दिवसांतच त्याने व्हँडरबिल्ट या धनाढ्याकडून दीड लाख डॉलर हातउसने आणून पेढीत घातले होते. व्हँडरबिल्ट म्हणाला, राहू द्या. ग्रँट ऐकेना. त्याने घरदार लिहून दिले, लढायांत मिळालेल्या तलवारी आणि पदकेसुद्धा दिली. मग घशाचा कर्करोग झालेला असताना, घोट गिळवत नसताना, बायकोमुलांसाठी काही मागे राहावे म्हणून त्याने आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. लिखाण पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, तो गेला. मार्क ट्वेनने ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि विधवेला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. ज्या टेकडीवर त्याने प्राण सोडला तिचे नाव माउंट मॅकग्रेगर! योगायोगाला काही अर्थ नसतो, पण मौज वाटते.

आपल्या नावावर लोकांनी विश्वास ठेवला, तेव्हा त्या नावावरचे देणेही आपले, असे ग्रँटने मानले. ग्रँट या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी विश्वासच आहे, हे मघाशी सांगितलेच.

या सणाला आपल्याकडे व्यापारी वह्यांचे पूजन करतात. वहीला दोन बाजू असतात, एक जमा आणि एक नावे. मराठी भाषेने देण्याच्या बाजूला ‘नावे’ हा शब्द द्यावा, ही मोठी मार्मिक गोष्ट आहे. आपण ‘घराण्याचे नाव’ म्हणतो ते मात्र नेहमी जमेच्या बाजूचे. आमच्या घराण्यात अमुक झाले, आमच्या पणजोबांना तमुक सनद होती, असे म्हणताना माणूस एक मिळकत वारशाने ताब्यात घेत असतो. अभिमान ही मिळकतच आहे. तिच्यावर लग्ने जमतात, निवडणुका जिंकल्या जातात, बँकेत चहा मिळतो.

आणि मिळकतीबद्दल आपले जुने धर्मशास्त्र फार सावध होते. मिताक्षरेने सांगितले की बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य आहे. मात्र बापाने जुगारासाठी, दारूसाठी, बाहेरख्यालीपणासाठी काढलेल्या कर्जाचा भार मुलावर नाही. इंग्रजांच्या कोर्टांनीही हे तत्त्व चालवले. २००५ सालच्या हिंदू वारसा दुरुस्तीने ते मोडीत काढले. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पवित्र कर्तव्य म्हणून सावकाराला मुलाच्या मागे लागता येत नाही. बापाची मिळकत घेतली असेल तर तेवढ्या मिळकतीपुरते देणे द्यावे लागते, एवढेच उरले. मला हा नवा नियम जुन्याहून न्याय्य वाटतो. जन्माने कर्ज लागू नये. घेतल्याने लागावे, आणि घेतले तेवढेच लागावे.

नावालाही हाच नियम लावून पाहा. पणजोबांच्या सनदेचा अभिमान ज्याने घेतलाच नाही, त्याला पणजोबांनी गावच्या पाणवठ्यावर कोणाला येऊ दिले नाही याचा जाब कोणी विचारू नये. पण जो सनद काचेत लावतो, त्याने पाणवठ्याचा विषय निघाला की “ते जुने झाले, आम्ही थोडेच केले?” असे म्हणू नये. सनद तरी कुठे त्याने मिळवली होती? माझ्या वर्गात एकाच आडनावाची दोन मुले बरेचदा असतात. एक नाव सांगते आणि थांबते. दुसऱ्याने तेच नाव सांगितले की समोरचा विचारतो, “म्हणजे तुम्ही कुठले?” दोघांची आडनावे हजेरीपटात एकाखाली एक, एकाच शाईत. एकाच्या वाट्याला जमेची बाजू आली, दुसऱ्याच्या वाट्याला नुसते नाव.

काहींच्या वाट्याला नाव येते ते तर अगदीच वाऱ्यावरून. ब्रिस्टलच्या आर्ची लीच नावाच्या मुलाला १९३१ साली हॉलिवूडच्या स्टुडिओने यादीतून एक आडनाव दिले आणि कॅरी ग्रँट जगभर गाजला. त्याला कोणी कलोडन विचारले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते.

पण एक ग्रँट असा आहे की त्याच्यापाशी माझा हा हिशेब उलटा फिरतो. अठराव्या शतकात डॅल्व्हीचा सर अलेक्झांडर ग्रँट नावाचा एक स्कॉट जमैकात मळ्यांचा मालक होता. १७४८ साली त्याने आणि त्याच्या भागीदारांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सिएरा लिओनच्या नदीमुखातले बान्स बेट विकत घेतले. तिथे किल्ला होता, आणि किल्ल्यात माणसे कोंडून ठेवण्याची जागा. जहाज आले की माणसे मोजून चढवायची. किल्ल्यातल्या गोऱ्या साहेबांना करमणूक हवी म्हणून शेजारी गोल्फचे मैदान केले होते, आणि काठ्या वाहणाऱ्या आफ्रिकन पोरांना स्कॉटलंडचे चौकड्याचे कापड नेसवले होते. आपल्या घराण्याची खूण दुसऱ्याच्या अंगावर कशी चढते, याचे याहून भयानक चित्र मी तरी वाचलेले नाही. समुद्रापलीकडे जे पोचले त्यांची आफ्रिकेतली नावे गेली. मालकाचे, मुकादमाचे किंवा पाद्र्याचे नाव लागले. वेस्ट इंडीजमध्ये आणि गयानात आज जे असंख्य कॅम्बेल, गॉर्डन, ग्रँट आढळतात त्यांच्या नावांमागे ही वाट आहे.

गुलामगिरी संपवताना इंग्रज सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना, माल गेला म्हणून. त्यासाठी काढलेले कर्ज कागदोपत्री पुढे पुढे ढकलत शेवटी २०१५ साली पुरते फिटले, असे ब्रिटिश खजिन्यानेच जाहीर केले. म्हणजे तोवर ब्रिटनमध्ये कर भरणारा प्रत्येक जण त्या भरपाईचा हप्ता भरत होता.

त्यांत १९४४ साली गयानातल्या जॉर्जटाउनला जन्मलेला एक जण होता. हाच तो गयाना, जिथे लॉर्ड ग्लेनेल्गच्या संमतीने आपले मजूर गेले. नाव बर्नार्ड अलेक्झांडर माँटगोमेरी ग्रँट. वाचताना वाटावे, हा स्पेकाठच्या एखाद्या गढीतला सरदार. तो काळा होता. १९६३ साली इंग्लंडला आला, कामगार संघटनेत वाढला, आणि १९८७ साली टॉटनहॅममधून पार्लमेंटवर निवडून आला. लोक त्याला बर्नी ग्रँट म्हणत. १९९३ साली गुलामगिरीची भरपाई आफ्रिकनांना मिळावी म्हणून उभ्या राहिलेल्या चळवळीचे ब्रिटनमधले नेतृत्व त्याने केले. २००० साली तो वारला. म्हणजे सदतीस वर्षे त्याने त्या सरकारचा कर भरला. ज्याला घेणे होते त्यानेच हप्ते फेडले, आणि तेही देणेकऱ्याचे नाव लावून.

अमेरिकेत माल्कम लिटलने मालकाकडून आलेले आडनाव टाकून दिले आणि त्या जागी फुली मारली. हरवलेल्या नावाची ती खूण. बर्नीने तसे केले नाही. ते नाव पावतीसारखे त्याने जवळ ठेवले असावे, असे मला वाटते. पावती फाडून टाकली तर घेणे कशाच्या आधारावर मागायचे?

१९८७ साली नवे पार्लमेंट उघडले त्या समारंभाला बहुतेक सभासद कोटांत होते. बर्नी ग्रँट आला तो आफ्रिकेतला सैल सुती झगा घालून. सत्तावन्न वर्षांपूर्वी नव्हे, एकशे सत्तावन्न वर्षांपूर्वी, त्याच सभागृहात रॉबर्ट ग्रँटने ज्यांना आत बसता येत नाही त्यांच्यासाठी दार उघडण्याची मागणी केली होती. सभासदांच्या पटावर आता पुन्हा ग्रँट हे नाव होते. बर्नीने हजेरी दिली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.